मुलाचे स्वतःचे इंग्रजी वाक्य
(तिसरी ते पाचवीच्या इंग्रजी व्याकरण-लेखनाच्या सराव पुस्तकाची प्रस्तावना)

मराठी शाळेतले चौथीचे मूल ‘मी काल शाळेत गेलो नाही’ हे इंग्रजीत लिहायला बसले की पुष्कळदा ‘आय डिड नॉट वेंट टू स्कूल यस्टरडे’ असे लिहिते. तपासणारा ‘वेंट’खाली लाल रेघ ओढतो, वर ‘गो’ लिहितो आणि पुढची वही घेतो. मुलाला रेघ दिसते, कारण दिसत नाही. पुढच्या आठवड्यात ते ‘डिड नॉट सॉ’ लिहिते, पुन्हा रेघ येते. असे वर्षभर चालले की त्याचा समज होतो, इंग्रजी ही नशिबाची गोष्ट आहे. कोणाला येते, कोणाला येत नाही.

वास्तविक त्या मुलाने विचार करूनच लिहिलेले असते. मराठीत ‘गेलो’ या रूपात भूतकाळ आहे आणि नकार देताना ते रूप बदलत नाही. गेलो, गेलो नाही. पाहिले, पाहिले नाही. ‘नाही’ मागे येऊन बसते एवढेच. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ मुख्य क्रियापद सोडून ‘डिड’वर जातो आणि क्रियापद मूळ रूपात उरते. मुलाने मराठीचा नियम इंग्रजीला लावला, आणि तो त्याच्या अंगात इतका मुरलेला होता की लावताना त्याला कळलेही नाही. मग त्याला कसे समजवावे? मराठीतूनच. वर्तमानकाळात मराठी वेगळी वागते. ‘मी जातो’चा नकार ‘मी जात नाही’ असा होतो. ‘मी जातो नाही’ असे कोणी म्हणते का, एवढे वर्गात विचारले तरी मुले हसतात. नकार आला की क्रियापदाला आपले रूप बदलावे लागते, ही गोष्ट त्यांना ठाऊकच असते. इंग्रजीत ती भूतकाळातही घडते, एवढेच नवे सांगायचे. हे पाच मिनिटांचे काम आहे. लाल रेघेने ते वर्षभरात होत नाही.

या पुस्तकाची सगळी मांडणी या एका समजुतीवर उभी आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलाच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका अडाणीपणातून येत नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एका भाषेचे व्याकरण पूर्ण येत असते, त्या व्याकरणातून त्या येतात. तीन लिंगे, विभक्तीचे प्रत्यय, सामान्यरूप, कर्त्याप्रमाणे किंवा कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद हे सगळे ते कोणी न शिकवता बिनचूक वापरते. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांतला फरक त्याला समजावून द्यावा लागत नाही. ज्याला एवढे येते त्याला इंग्रजीचे प्राथमिक व्याकरण अवघड जाण्याचे कारण नाही. त्याला जे येते ते आपण विचारतच नाही, म्हणून ते अवघड जाते.

काही उदाहरणे इथे सविस्तर देतो, कारण पुस्तकातल्या पाठांचा क्रम त्यांवरूनच ठरला आहे.

पहिले ‘मला’चे. मला भूक लागली आहे. मला ताप आहे. मला दोन भाऊ आहेत. मला पोहता येते. मला आंबा आवडतो. या पाचही वाक्यांत बोलणारा काही करत नाही. भूक, ताप, भाऊ, पोहणे, आंबा यांच्याशी त्याचे नाते आहे आणि ते नाते एकटे ‘मला’ सांभाळते. इंग्रजीत या पाचही ठिकाणी ‘आय’ येतो, पण पुढे दर वेळी वेगळे काही: आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीवर, आय हॅव टू ब्रदर्स, आय कॅन स्विम, आय लाइक मँगोज. मूल गोंधळते ते इथे. ‘टू मी इज फीवर’ असे लिहिणारा मुलगा शब्दाला शब्द जोडत असतो. त्याला ‘मला’साठी इंग्रजी शब्द शोधू नकोस, आधी नाते कसले ते ओळख, असे सांगावे लागते. त्यातही ‘हॅव’ सर्वांत कठीण. मालकी किंवा नाते सांगणारे तसे क्रियापद मराठीत नाही. आपण ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला बहीण आहे’, ‘आमची दोन एकर जमीन आहे’, ‘त्याच्याजवळ पेन आहे’ असे वेगवेगळे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लावून काम भागवतो, आणि सगळीकडे क्रियापद ‘आहे’. ‘आहे’ म्हणजे ‘इज’ हे पहिलीत पाठ झालेले असल्यामुळे मूल ‘माय नियर इज सायकल’ असे लिहिते. बाजारातल्या पुष्कळ पुस्तकांत ‘हॅव’ आणि ‘हॅज’ एका पानात उरकलेले असतात. इथे त्यांना तीन पाठ दिले आहेत आणि तेही थोडेच वाटतात.

दुसरे अनेकवचनाचे. ‘टू बॉय’, ‘फाइव्ह ट्री’ हे निष्काळजीपणाचे लक्षण समजले जाते. पण मराठीत एक बैल, दोन बैल. एक हात, दोन हात. एक दगड, दहा दगड. अकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन वेगळे दिसतच नाही, आकड्यावरूनच कळते. पाटीच्या पाट्या होतात, घराची घरे होतात, बैल मात्र बैलच राहतो. म्हणून या पाठाची सुरुवात ‘पाटी-पाट्या’पासून केली आहे: शब्दाचे शेपूट बदलते हे मुलाला आधी त्याच्या भाषेत दिसू द्यावे, मग इंग्रजीत ते बैलाच्या बाबतीतही बदलते हे सांगावे.

याच अनेकवचनाला आदराची एक बाजू आहे. ‘बाबा आले’, ‘बाई शिकवतात’, ‘आजोबा शेतात गेलेत.’ घरातले शिस्तीचे मूल ‘माय फादर आर अ फार्मर’ असे लिहिते, कारण वडिलांविषयी एकवचनात बोलणे त्याच्या जिभेवर येत नाही. त्या चुकीत त्याचे चांगले वळण दिसते आणि सुधारताना ते दुखावणार नाही अशी काळजी घ्यावी. इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो, बोलण्याच्या सुरात आणि ‘सर’, ‘प्लीज’, ‘थँक यू’ अशा शब्दांत असतो, हे त्याला मोकळेपणाने सांगावे. बाईंना ‘यू’ म्हणताना मुले अडखळतात त्याचेही कारण हेच. तू, तुम्ही, आपण या तिन्हींसाठी एकच शब्द आहे आणि तो बाईंना म्हटला तर उद्धटपणा होत नाही, हे बाईंनीच सांगितले तर त्यांची भीड जाते.

तिसरे शब्दांच्या जागेचे. ‘मांजराने उंदीर पकडला’ आणि ‘उंदीर मांजराने पकडला’ यांत कोण कोणाला पकडते ते बदलत नाही, कारण ‘ने’ हा प्रत्यय मांजराबरोबर हिंडतो. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. क्रियापदाच्या आधी आला तो पकडणारा, नंतर आला तो पकडला गेलेला. जागा बदलली की उंदीर मांजराला पकडतो. मुलांना हे इतके आवडते की चिठ्ठ्यांवर तीन शब्द लिहून त्यांची अदलाबदल करण्याचा खेळ एका तासात संपत नाही. शब्दाची जागा हाच तिथला प्रत्यय, ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या व्याख्या पाठ न करताही वाक्य सरळ येऊ लागते.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्याविषयी मात्र पालकांनी आणि शिक्षकांनी धीर धरावा. ते पाचवीपर्यंत पक्के होत नाहीत, पदवीधरांचेही पुष्कळदा झालेले नसतात. पुस्तकात त्यांची एवढीच ओळख आहे, जेवढी मराठी गोष्टीतून करून देता येते. आटपाट नगरात ‘एक’ राजा असतो, आणि पुढे गोष्ट सुरू झाली की ‘तो’ राजा म्हणतात. ऐकणाऱ्याला नवा असलेला राजा आणि त्याला ठाऊक झालेला राजा, एवढा भेद मुलाला कळला की प्राथमिक शाळेपुरते पुष्कळ झाले.

वेळ सांगणाऱ्या शब्दांवर इथे थांबत नाही. सोमवारी, पाच वाजता, मे महिन्यात अशी निरनिराळी रूपे आपणही करतो एवढे दाखवले की ‘ऑन’, ‘ॲट’ आणि ‘इन’ यांचा राग कमी होतो. बाकीचे काम सरावाचे.

आता थोडे मागे जाऊ. मराठी माणसाचे इंग्रजी व्याकरणाशी नाते जुने आहे, आणि ते एकतर्फी कधीच नव्हते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मराठीचे शास्त्र मांडताना त्यांच्यासमोर संस्कृतबरोबर इंग्रजी व्याकरणाची चौकटही होती. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर मराठीत पुस्तक लिहिले. आज मराठीची स्वतःची वाटणारी स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही चिन्हे अशी आपल्याकडे आली. पुढे ‘तर्खडकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या: मराठी वाक्य, इंग्रजी वाक्य, पुन्हा मराठी, पुन्हा इंग्रजी. ती पद्धत आज जुनाट म्हणून हिणवली जाते. मला ती अन्यायाची टीका वाटते. त्या पुस्तकांनी मराठीला इंग्रजीच्या तासातून हाकलले नाही आणि शिकणाऱ्याला जे येते त्याचा आधार घेतला. दोष पद्धतीपेक्षा वयाचा आहे. ती पुस्तके मराठी लिहायला-वाचायला सरावलेल्या, थोड्या मोठ्या विद्यार्थ्यासाठी होती. रेन आणि मार्टिन यांच्या प्रसिद्ध व्याकरणाचेही तेच. भारतातल्या शिक्षण खात्यात काम केलेल्या आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीने गाजलेल्या पी. सी. रेन यांचे नाव असलेल्या त्या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘हायस्कूल’ हा शब्द आहे.

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजी पाचवीत भेटायचे. निर्णयावर मोठा वाद झाला. तो इथे उकरून काढण्यात अर्थ नाही, पण त्या निर्णयाचा एक परिणाम आजही वर्गात दिसतो. दहा वर्षांच्या मुलासाठी घडलेली शिकवण्याची रीत सहा-सात वर्षांच्या मुलापर्यंत खाली उतरली. बालभारतीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांनी गाणी, चित्रे, ऐकणे आणि बोलणे यांवर भर दिला तो योग्यच होता. तिसरी-चौथीत मात्र शिकवणी, गाईड आणि परीक्षा यांनी मिळून जुने व्याकरण परत आणले. ‘नाऊन म्हणजे काय’ याची इंग्रजी व्याख्या धडाधड म्हणणारे आणि स्वतःच्या शेळीविषयी एक वाक्य लिहू न शकणारे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत भेटते, तसे शहरातल्या महागड्या शिकवणीतही भेटते.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण दर चार मुलांपैकी एकालाच इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली. चार-पाच वर्षे रोज एक तास देऊन हे फळ मिळत असेल, तर मुलाच्या कुवतीला बोल लावणे सोडून त्या तासात काय चालते ते पाहिले पाहिजे.

व्याकरण मुळी शिकवूच नये, असेही एक मत आहे आणि ते हलके समजण्यासारखे नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये जो प्रयोग केला तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर अभ्यासला गेला. नियम समजावण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे इंग्रजीतून सोडवायची कामे ठेवली: नकाशावरून रस्ता शोधणे, वेळापत्रकावरून गाडी ठरवणे. लक्ष अर्थावर असले की रचना आपोआप रुजते, हे त्यांचे म्हणणे. या पुस्तकातल्या कित्येक स्वाध्यायांचे मूळ त्या विचारात आहे. एस.टी.चे वेळापत्रक, आठवडी बाजाराची यादी, शाळेपासून विहिरीपर्यंतचा रस्ता हे सगळे तिथूनच सुचले. तरीही प्रभूंच्या मार्गाने शेवटपर्यंत जाणे मला आपल्या वर्गांसाठी पटत नाही. त्या मार्गाने जायचे तर शिक्षकाला इंग्रजी सहज बोलता यावे लागते आणि मुलाच्या कानावर ते भरपूर पडावे लागते. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या आणि स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या गुरुजींवर हा भार टाकणे न्यायाचे नाही. त्यांच्या हातात नेमका, थोडका आणि मराठीतून सांगता येणारा नियम दिला पाहिजे. म्हणून इथे नियम आहेत, पण ते पाठाच्या आरंभी नाहीत. मुलाने आठ-दहा वाक्ये वाचली, म्हटली, जुळवली, त्यांतला सारखेपणा स्वतः ओळखला, की मग चौकटीत दोन ओळींचा नियम येतो आणि तो मराठीत येतो. ‘नाऊन’, ‘व्हर्ब’ ही नावे पाचवीच्या उत्तरार्धात येतात. तोवर ‘नाव सांगणारा शब्द’ आणि ‘काम सांगणारा शब्द’ यांनी काही अडत नाही.

शब्दसंग्रहाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्यात शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या, नेहमी लागणाऱ्या शब्दांवर वाचनमाला बांधली आणि १९५३ साली सुमारे २,००० शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. मोजके शब्द घ्यावे आणि ते पुन्हा पुन्हा भेटवावे, हे त्यांचे तत्त्व इथे पाळले आहे. शब्द मात्र त्यांच्या यादीतून घेतलेले नाहीत. मराठी मूल शाळेत येते तेव्हा बस, पेन, टेबल, डॉक्टर, चार्जर, ट्रॅक्टर, आऊट, विकेट, बॅटिंग असे कितीतरी इंग्रजी शब्द त्याच्या बोलण्यात असतात. ते आपले म्हणूनच त्याला ठाऊक असतात आणि मराठीने त्यांना लिंगही दिलेले असते: ती बस, तो ट्रक, ते टेबल. त्यामुळेच हरवलेल्या बॅगेविषयी लिहिताना ते ‘शी इज लॉस्ट’ लिहून जाते. या शब्दांपासून सुरुवात केली की अर्थ शिकवावा लागत नाही आणि सगळे लक्ष रचनेवर देता येते. त्यांच्या जोडीला विहीर, बादली, जत्रा, गोठा, पाऊस, चूल यांचे इंग्रजी शब्द घेतले आहेत. सफरचंद आणि इग्लू यांना जागा कमी मिळाली आहे.

लेखनाकडे वळतो, कारण पुस्तकाचा अर्धा भाग त्यासाठी आहे. चार रेघी वहीतली मुलाची धडपड आपण अक्षर गचाळ म्हणून सोडून देतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते. वरच्या रेघेकडे पाहून लिहायची सवय लागलेल्या हाताला खालची रेघ धरायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत बी आणि डी, पी आणि क्यू उलटसुलट होतात. तिसरीच्या भागात म्हणूनच रोज चार ओळींचे अनुलेखन आहे, पण ते सुट्या अक्षरांचे नसून अर्थ असलेल्या वाक्यांचे आहे. मोठी अक्षरे देवनागरीत नसल्याने ती वेगळी शिकवावी लागतात. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह मुलाला मराठीतून येतच असतात.

स्पेलिंगची घोकंपट्टी पुरती टाळता येत नाही, पण तिचे ओझे कमी करता येते. देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज एकच असल्यामुळे मराठी मूल जसे ऐकते तसे लिहिते. ही त्याची ताकद आहे. ‘पेन’, ‘बस’, ‘हॅट’, ‘डॉग’ असे ऐकल्याबरहुकूम लिहिले जाणारे शब्द आधी घेतले की तिला वाव मिळतो. आपल्या एका ‘व’साठी तिकडे व्ही आणि डब्ल्यू अशी दोन अक्षरे आहेत, ‘फ’साठी कधी एफ तर कधी पी आणि एच जोडून. अशा जागा थोड्या आहेत, त्या वेगळ्या काढून त्यांचाच सराव दिला आहे. श्रुतलेखन शिक्षा म्हणून न घेता मुलांनी एकमेकांना घालावे. सांगणाऱ्यालाही शब्द नीट उच्चारावा लागतो, त्यामुळे काम दोघांचे होते.

पाठ केलेले निबंध या वयाचे सर्वांत मोठे नुकसान करतात असे मला वाटते. ‘द काऊ’ या विषयावर गाय उपयुक्त प्राणी आहे, तिला चार पाय आहेत, ती गवत खाते, एवढे राज्यभरातली मुले सारखेच लिहितात. ज्याच्या घरी गोठा आहे, जो पहाटे धारेच्या वेळी आईजवळ बसतो, त्याच्या निबंधातही त्याची गाय नसते. या पुस्तकातला चौथीचा एक नमुना पाहा: ‘अवर काऊ इज ब्लॅक. शी इज एट इयर्स ओल्ड. शी गिव्ह्ज फोर लिटर्स ऑफ मिल्क. शी डज नॉट लाइक माय अंकल.’ चार वाक्ये, सगळी साधी, आणि चौथे वाक्य लिहायला मूल उत्सुक असते म्हणून ‘डज नॉट’ त्याच्या लक्षात राहते. व्याकरण लक्षात राहण्याचा याहून पक्का मार्ग मला ठाऊक नाही. मुलाला काहीतरी सांगायचे असते आणि ते सांगण्यासाठी त्याला ती रचना लागते.

म्हणूनच प्रत्येक पाठ ‘माझे वाक्य’ या भागाशी येऊन थांबतो. आधी वाचायचे, मग विस्कटलेले शब्द लावायचे, मग रिकाम्या जागा भरायच्या, मग वाक्यातली एक गोष्ट बदलायची, आणि शेवटी आपल्या घरचे, गावचे, मनातले एक वाक्य लिहायचे. तिसरीत एक, चौथीत तीन-चार जोडलेली, पाचवीत अर्धे पान. विषय ठरवून दिलेले नाहीत असे नाही, पण ते उत्तर ठरवून देणारे नाहीत: भेळ कशी करतात, आजीच्या पेटीत काय काय आहे, क्रिकेटच्या कालच्या डावात भांडण कशावरून झाले, न आलेल्या मैत्रिणीला चिठ्ठी.

तपासणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एका वेळी एकच गोष्ट तपासा. ज्या आठवड्यात अनेकवचन शिकवले त्या आठवड्यात अनेकवचनच पाहा. बाकी चुका दिसल्या तरी राहू द्या. ‘ही गो टू मार्केट’ हे वाक्य कळते. तृतीयपुरुषी एकवचनाचा तो ‘एस’ जगभर इंग्रजी शिकणाऱ्यांना उशिराच येतो. तिसरीच्या मुलाचे गुण त्यावर कापण्यात काही मिळत नाही. अर्थच उलटा होतो ती चूक आधी सुधारायची: कुत्रा मुलाला चावला की मूल कुत्र्याला. आणि जमेल तेव्हा पानाच्या खाली शेऱ्याऐवजी उत्तर लिहा. मुलीने ‘माय गोट इज सिक’ लिहिले असेल तर ‘गुड’ लिहून सही करण्यापेक्षा ‘आय ॲम सॉरी. इज शी बेटर टुडे?’ असे विचारा. दुसऱ्या दिवशी तिला लिहायला कारण मिळते.

मराठीचा आधार घ्या असे मी इतका वेळ म्हणत आलो, पण महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांची घरची भाषा पुस्तकी मराठी नाही. मेळघाटात कोरकू आहे, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिलीची रूपे, तांड्यांवर गोरमाटी, खानदेशात अहिराणी. त्यांतल्या काही मुलांना शाळेतली मराठीही शिकावी लागते आणि इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा ठरते. तिथल्या शिक्षकांनी चौकटीतला मराठी नियम वाचून दाखवण्यावर थांबू नये. ‘तुमच्या घरी हे कसे म्हणतात?’ हा प्रश्न विचारावा आणि फळ्यावर तीन भाषांतली तीन वाक्ये एकाखाली एक लिहावी. शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी चालेल; मुले सांगतील. दुसरी एक अडचण बीडसारख्या जिल्ह्यांतली. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर मुले दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांचा विचार करून पाठ शक्यतो एकमेकांवर अवलंबून ठेवलेले नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर परतलेले मूल वर्ग जिथे असेल तिथे बसू शकते.

‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही घरी काय शिकवणार?’ असे पालक विचारतात. त्यांच्यासाठी एकच काम आहे. मुलाला त्याचे वाक्य मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘म्हणजे काय?’ असे मराठीत विचारा. मुलाला अर्थ सांगता आला तर ते वाक्य त्याचे आहे. सांगता आला नाही तर ते कुठून तरी उतरवलेले आहे, आणि हे ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही.

कर्मणी प्रयोग, अप्रत्यक्ष कथन, काळांचा बारा घरांचा तक्ता या गोष्टी इथे मुद्दाम घेतलेल्या नाहीत. मुलाला त्या लागत नाहीत तोवर त्यांचे ओझे देऊ नये. मागे उत्तरे छापली आहेत ती शब्द लावण्याच्या आणि रिकाम्या जागांच्या स्वाध्यायांची. ‘माझे वाक्य’ची उत्तरे अर्थातच नाहीत.

तिसरीच्या वर्गाने जूनमध्ये लगेच हे पुस्तक उघडू नये. गणपतीच्या सुट्टीपर्यंत ऐकणे, बोलणे आणि अनुलेखन चालू द्यावे, मग पहिला पाठ घ्यावा. चौथी आणि पाचवीने मात्र पहिल्याच आठवड्यात ‘हॅव’च्या तीन पाठांपासून सुरुवात करावी, क्रमाने ते पुढे असले तरी, कारण त्यांच्यावाचून मुलाला आपल्या घरात कोण आहे आणि काय आहे, हेच लिहिता येत नाही.